वरच्या मजल्याचा अर्ज

आमच्या कॉलनीत माझ्याइतका चांगला अर्ज कोणालाच लिहिता येत नाही, हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगते. केंद्र सरकारच्या एका कचेरीत माझी सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली. नळाला पाणी येत नाही, विजेचा खांब वाकलाय, गटारावरचं झाकण चोरीला गेलंय, पेन्शनच्या कागदात वडिलांचं नाव चुकलंय, कोणाचं काहीही अडलं की माणूस सरळ माझ्या दारात येतो. जन्मापासून हिंदी बोलणारी ही सगळी मंडळी आणि त्यांचे हिंदी अर्ज लिहिणार कोण, तर साताऱ्याची बाई. माझे यजमान म्हणतात, "पूर्वी मराठे जयपूरकडून चौथाई वसूल करायचे, तू नमस्कार वसूल करतेस."

त्यातला एक अर्ज मी लिहायला नको होता. निदान त्यातली एक ओळ तरी. त्या ओळीला समोरच्या फौजी डेपोच्या गेटबाहेरच्या टेलर मास्टरजींची सही जोडलेली आहे आणि सही केली तेव्हा त्यांनी ती ओळ पाहिलेलीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगताना मी स्वतःची बाजू थोडी सावरून घेणार, हे मला माहीत आहे.

आमचं घर मुरलीपुऱ्याच्या अंगाला, सीकर रोड सोडून आत वळलं की लागतं. यजमान विम्यात होते. ते बदलीने जयपूरला आले आणि पाठोपाठ मीही बदली मागून आले. तीन-चार वर्षांत परत जाऊ, असं म्हणत होतो, ते राहूनच गेलं. शास्त्रीनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत बरीच वर्षं काढल्यावर हा प्लॉट मिळाला. स्वस्तात मिळाला, आणि स्वस्तात का मिळाला ते घर बांधायला काढल्यावर कळलं. रस्त्याच्या पलीकडे फौजेचा डेपो होता. उंच दगडी भिंत, तिच्यावर काटेरी तार, आत कडुलिंबाची झाडं आणि पत्र्याच्या लांबच लांब शेड. त्यांत तंबू, ब्लँकेटं, बूट असलं सामान असायचं. भिंतीजवळच्या घरांना वरचा मजला चढवायचा तर फौजेची एनओसी लागायची आणि ती कोणालाही मिळायची नाही. वरून आतलं दिसतं, हे कारण. आतली ब्लँकेटं मोजून शत्रू काय करणार, असं मी एकदा तिथल्या बाबूला विचारलं होतं. तो हसला नाही.

त्यामुळे कॉलनीतली सगळी घरं तळमजल्याची, आणि प्रत्येक गच्चीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून खांबांच्या सळया वर आलेल्या. त्या कापायच्या नाहीत, कारण उद्या परवानगी मिळालीच तर जोडायला हव्यात. गंजू नयेत म्हणून कोणी त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या, कोणी मडकी. आम्ही त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचो. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा विचारायचाच, काम अर्धवट का ठेवलंय म्हणून. पंचवीस वर्षं आम्ही एकच उत्तर देत होतो.

डेपोच्या गेटबाहेर एक छोटा बाजार होता. चहावाला, न्हावी, ड्रायक्लीनर, काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर लिहून देणारा पेंटर, आणि भिंतीला टेकून पत्र्याखाली मास्टरजींचं दुकान. मास्टरजी फक्त वर्दी शिवायचे. नवा जवान माप द्यायला उभा राहिला की त्याला म्हणायचे, "साँस छोडिए, यहाँ कोई परेड नहीं है." विशीतला मुलगा वर्षभरात खांद्यांत किती भरेल, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. तेवढं कापड ते शिवणीत राखून ठेवायचे. बदलून गेलेले लोकसुद्धा फोन करायचे, माप तेच, फक्त कंबर एक इंच वाढवा. मास्टरजी मापाची वही काढून आधीची कंबर बघायचे आणि म्हणायचे, "एक नहीं, दो बढी होगी. सच बोलिए." आमच्या मुलीचा शाळेचा पहिला गणवेश त्यांनीच शिवला. वर्दीखेरीज काही शिवत नाही, असं म्हणाले होते. मग तिच्याकडे बघून म्हणाले, ही पण वर्दीच झाली की. फ्रॉकच्या घेराला त्यांनी एवढी दुमड ठेवली होती की दरवर्षी एक इंच सोडत तो तिसरीपर्यंत पुरला.

तीच मुलगी मोठी होऊन, लग्न होऊन, लग्न मोडून पुन्हा घरी आली. त्या लग्नाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ते तिचं आहे. ती बँकेत नोकरीला लागली होती आणि तिच्याबरोबर पाच वर्षांची नात होती. दोन खोल्यांत आम्ही चौघं. नात आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची. मुलगी ऑफिसच्या परीक्षेचा अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याला टेकून करायची आणि मी कुकर लावायला गेले की पुस्तक उचलून बाहेर यायची. तिने कधी तक्रार केली नाही. एक दिवस मात्र सहज म्हणावं तसं म्हणाली, "आई, मी जगतपुऱ्याकडे रूम बघतेय. मतलब, तुमच्यावर नाराज नाहीये. मला एक दरवाजा पाहिजे, जो मी बंद करू शकते." तिचं मराठी असं आहे, निम्मं हिंदीच्या वळणाचं, पण मला ते वाक्य पुरतं समजलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायला गेली तर नात शाळेतून आल्यावर कोणाकडे राहणार, ह्या विचाराने मी दिवसभर गच्चीवरच्या सळयांकडे बघत बसले.

निवडणूक जवळ आली होती. वॉर्डातले नेताजी मतं मागायला आले, तेव्हा मी एनओसीचा विषय काढला. ते म्हणाले, "मॅडम, आप अर्जी लिखिए, ऊपर तक मैं पहुँचाऊँगा." मी त्याच दुपारी मसुदा केला. साधा होता. आमच्या घरांना एक मजला चढवू द्यावा, खिडक्या डेपोच्या बाजूला काढणार नाही, भिंत उंच करू, एवढंच.

इथे मला माझ्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातच अडकलंय. सह्या नेहमी वेगळ्या कागदावर घ्यायच्या, ही सवय मी कचेरीतून घरी आणली होती. वर फक्त 'संलग्न : निवासियों के हस्ताक्षर' लिहायचं, खाली आकडे आणि रेघा. मसुदा चार वेळा बदलतो, प्रत्येक वेळी माणसांना परत सहीला कुठे बोलवायचं? म्हणून सह्या आधी गोळा करून ठेवायच्या आणि मसुदा पक्का झाला की मागे टाचणीने जोडायच्या. कचेरीत हे इतकं नेहमीचं होतं की त्यात काही चूक असू शकते, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो कागद घेऊन मी भर उन्हात घरोघर फिरले. शेवटी मास्टरजींकडे गेले. ते कॉलनीत राहत नव्हते, पण गेटवरच्या जुन्या दुकानदाराची सही असली की अर्जाला वजन येतं. त्यांनी विचारलं, "क्या लिखा है, मॅडमजी?" मी म्हटलं, घरांवर एक मजला चढवायची परवानगी मागितलीय, बस. "बिटिया के लिए?" त्यांना ती परत आल्याचं माहीत होतं. मी हो म्हटलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "बिटिया के लिए तो दो बार कर दूँ." मी हसून म्हटलं, एकदाच पुरे.

संध्याकाळी नेताजींनी मसुदा वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "लिखा अच्छा है मॅडम, पर इसमें दम नहीं है. कोई ठोस कारण चाहिए." मला ते लागलं. सगळी नोकरी मसुद्यांत घालवलेल्या बाईला हा माणूस दम शिकवणार. मी घरी आले आणि विचार करायला बसले. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला एक गोष्ट दिसायची. पूर्वी रोज सकाळी गेटसमोर ट्रकची रांग लागायची, आता चुकून एखादा ट्रक दिसतो. मी लिहिलं : 'विगत कुछ वर्षों से डेपो की गतिविधियाँ नगण्य रह गई हैं, अतः वर्तमान स्थान पर इसकी आवश्यकता पर पुनर्विचार किया जाए.' डेपो हलवावा, असं मला मुळीच वाटत नव्हतं. सरकारकडे डोंगर मागितला की दगड मिळतो, असा माझा हिशेब होता, आणि मला हवा होता तो फक्त दगड. 'नगण्य' ह्या शब्दावर तर मी भलतीच खूश होते. नेताजी म्हणाले, "अब आया दम." मी सह्यांचा कागद मागे जोडला आणि फाइल त्यांच्या हातात दिली.

ट्रक कमी झालेच नव्हते. पुढच्या रस्त्याचं काम निघाल्यापासून ते मागच्या गेटने जात होते. हे मला फार नंतर कळलं. मास्टरजींना ते पहिल्यापासून माहीत होतं, दिवसभर ते गेटवरच असायचे. मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली असती तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण वाचून दाखवायची वेळच आली नाही, कारण सही आधीच झालेली होती.

निवडणूक झाली, नेताजी निवडून आले आणि बरेच महिने काही झालं नाही. मग बातमी आली की डेपो बंद होणार, सामान दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या डेपोत जाणार. पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही. मग सामान हलवायला ट्रक आले. मी ज्याला नगण्य म्हटलं होतं, ते सगळं बाहेर काढायला कितीतरी आठवडे लागले. गच्चीवरून मी ती रांग रोज मोजायचे.

यजमान म्हणाले, "तुझ्या एका ओळीने फौज हलते होय? हे वर, दिल्लीत, कधीचं ठरलेलं असणार." मीही सरकारी नोकरी केलीय, मला ते पटत होतं. असले निर्णय कुठल्या कॉलनीच्या अर्जावर होत नाहीत. पण असले निर्णय झाल्यावर पांघरायला कॉलनीचा अर्ज उपयोगी पडतो, हेही मला तितकंच माहीत होतं.

ते पांघरूण कसं घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुकानदारांनी गेटसमोर मंडप घालून सभा घेतली. बाजार उठू नये, डेपो राहावा, ही मागणी. आम्ही कॉलनीतल्या बायकाही गेलो होतो, बाजूला खुर्च्या टाकून बसलो होतो. विरोधी पक्षाच्या माणसाने माइकवर सांगितलं की नेताजींनी बाजार विकून खाल्ला. नेताजी उठले, त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझी ओळ मोठ्याने वाचली. माझ्या 'नगण्य'चा उच्चार त्यांनी अगदी स्वच्छ केला. मग म्हणाले, "ये हमने नहीं, आप लोगों ने माँगा था. गेट के टेलर मास्टर के भी दस्तखत हैं इस पर." सगळ्यांच्या माना मास्टरजींकडे वळल्या. चहावाला म्हणाला, "मास्टर, तूने?"

मास्टरजी उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "दस्तखत मेरे हैं." एवढंच, आणि खाली बसले.

मी उठायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. ओळ माझी आहे, त्यांनी सही केली तेव्हा ती नव्हती. माझ्या शेजारी कॉलनीतल्या बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी त्याच कागदावर सह्या केल्या होत्या, सगळ्यांना मजले हवे होते. मला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-लावत बसून राहिले. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते आणि ती कमी झालेली नाही.

डेपो गेला. त्याच्याबरोबर काय काय जातं, ते एकदम दिसत नाही. कॉलनीत हवालदार-सुभेदारांची कुटुंबं भाड्याने राहायची, ती खोल्या सोडून गेली. त्यांची मुलं ज्या शाळेत जायची, तिथला एक वर्ग कमी झाला आणि माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला काढून टाकलं. सकाळची बस बंद झाली. ट्रंका रंगवणारा पेंटर काही दिवस 'किराये के लिए खाली' अशा पाट्या रंगवत होता, त्या मात्र भरपूर लागल्या. डेपोतले सिव्हिलियन कर्मचारी लांब लांब बदलून गेले. आतल्या झाडांवरचे मोर भिंत ओलांडून आमच्या गच्च्यांवर येऊन बसायला लागले आणि नातीने त्यांना पोळी टाकायची सवय लावली.

आणि बांधकामाची अट उठली. खरंच उठली. महिन्याभरात कॉलनीत वाळूचे ढीग पडले. प्रॉपर्टीवाले मोटारसायकलींवरून फिरायला लागले आणि ज्या प्लॉटकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं त्यांचे भाव सांगायला लागले. बाटल्या आणि मडकी निघाली, सळयांना सळया जोडल्या गेल्या. चौकात नेताजींचा बोर्ड लागला, आम्ही तुम्हाला मजला मिळवून दिला. त्याच्यासमोर दुसऱ्या पक्षाचा लागला, आम्ही डेपो परत आणू. वर्षभर हे दोन बोर्ड एकमेकांकडे बघत होते. डेपोच्या जागेवर कॉलेज येणार, मग हॉस्पिटल येणार, मग पार्क येणार असं ऐकू येत राहिलं. तोवर आत गवत माजलं.

आमचा मजला झाला. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला एक दरवाजा, जो मुलगी बंद करू शकते. ती तो फारसा बंद करत नाही, पण करू शकते. परीक्षा पास झाली. नात वरून खाली, खालून वर दिवसभर धावते. मजल्याचा मला पश्चात्ताप होत नाही, आणि होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. पश्चात्ताप ओळीचा आहे. अडचण एवढीच की दोन्ही एकाच टाचणीने जोडलेले आहेत.

मास्टरजींचं दुकान मात्र सगळ्यांच्या आधी बंद झालं. गिऱ्हाईक तर गेलंच होतं, पण त्या सभेपासून चहावाल्याने त्यांच्याकडे चहा पाठवणं बंद केलं होतं आणि न्हावी त्यांच्याशी बोलेना. ते सीतापुऱ्याला एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात लागले. दोन बसेस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे मला यजमानांकडून कळायचं, ते त्यांना बस स्टॉपवर भेटायचे. मी तो रस्ताच टाळत होते. एकदा यजमान सांगत आले की मास्टरजी तिथे दिवसभर बायकांच्या पँट्सना खिसे लावतात, म्हणजे खिशाची नुसती पट्टी, आत खिसा नसतोच. पूर्ण कपडा त्यांच्या हातात येतच नाही. मास्टरजी म्हणाले होते, "किसके लिए सी रहा हूँ, ये तो पता ही नहीं चलता." यजमानांना ते गमतीचं वाटलं होतं. मला जेवण गेलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला मुलगी होती. तिने विचारलं, काय झालं, आणि मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मतलब, तू त्यांना आजपर्यंत सांगितलंच नाहीस?"

"त्यांना माहीत असणार."

"ते नाही विचारत मी. तू सांगितलं का, ते विचारतेय."

मी ताटं उचलायला लागले.

ह्याला फार दिवस झाले नसतील, एका रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात मास्टरजी उभे. वाळलेले वाटले. हातात कापडी पिशवी होती. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि माझा आवाज माझाच मला परका वाटत होता. ते सरळ कामाचं बोलले. डेपोच्या गेटच्या बाजूला आता नवं मार्केट बांधणार आहेत आणि जुन्या दुकानदारांना त्यात गाळे देणार आहेत. किती वर्षं दुकान होतं, ते दाखवावं लागेल. बाकीच्यांनी मिळून एकत्र अर्ज केलाय. त्या यादीत ह्यांचं नाव घेतलेलं नाही. ते म्हणाले, "कहते हैं, जिसने हटवाया वो किस मुँह से माँगेगा. तो मुझे अलग से लिखवाना है. मुदत परसों तक है."

गाळा मिळाला तर पुन्हा स्वतःचं मशीन, स्वतःचं टेबल. मुलांचे शाळेचे गणवेश शिवीन म्हणाले, ती पण वर्दीच. नाही मिळाला तर हात चालतील तोवर सीतापुरा. हे त्यांनी काही रडवेल्या सुरात सांगितलं नाही, मापं सांगावीत तसं सांगितलं.

पुरावा म्हणून पिशवीत मापाच्या वह्या होत्या. कोपरे झिजलेल्या. प्रत्येक पानावर नाव, नंबर, तारीख, छाती, कंबर, बाही. मी चाळत गेले. सगळ्या जवानांच्या मध्ये एका पानावर लिहिलं होतं, 'बिटिया, मॅडमजी', आणि खाली एवढीशी मापं. मी वही मिटली आणि कागद पुढे ओढला.

अर्ज लिहिला. मन लावून लिहिला, कुठेही दम वगैरे आणला नाही. सगळा मोठ्याने वाचून दाखवला. मास्टरजी म्हणाले, "मैं भी पढ लूँ." त्यांनी कागद घेतला आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागले. एका ठिकाणी बोट थांबलं. मी लिहिलं होतं, मागची तीस वर्षं. ते म्हणाले, "तीस नहीं हुए, मॅडमजी. अट्ठाईस लिखिए." मी पूर्ण कागद नव्याने लिहून काढला. त्यांनी तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

मग माझ्या हाताने माझ्या नकळत काय केलं, तर सहीसाठी दुसरा कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांची सवय. मास्टरजींनी तो कागद बाजूला सारला. "अलग कागज नहीं. इसी पर." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिंप्याचा निळा खडू काढला, माझ्या शेवटच्या ओळीच्या अगदी खालून, वर एक शब्दही मावणार नाही अशी एक सरळ रेघ ओढली आणि रेघेखाली सही केली.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "मास्टरजी, वो लाइन मैंने बाद में डाली थी. आपने जब दस्तखत किए, तब थी ही नहीं."

"मुझे मालूम है," ते म्हणाले. "जिस कागज पर मैंने किए थे, उस पर तो कुछ था ही नहीं." खडू त्यांनी बोटांत फिरवला. "उस दिन सभा में बोल देतीं, तो अच्छा रहता."

रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी रडले, आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळाने त्यांना म्हटलं, थांबा जरा. मगाचचा कोरा कागद पुढे घेतला आणि बाजाराच्या सगळ्या दुकानदारांच्या नावे लिहायला सुरुवात केली. ती ओळ मी लिहिली. सह्या आधी घेतल्या होत्या. मास्टरजींना मी फक्त मजल्याचं सांगितलं होतं. सभेत मी हजर होते आणि गप्प बसले. चार वाक्यं झाली. सगळ्या नोकरीत इतका छोटा मसुदा मी कधी केला नव्हता. मास्टरजींनी तो वाचला, त्यात काही दुरुस्ती सांगितली नाही. तो घेऊन आपण आताच चहावाल्याकडे जाऊ, मी स्वतः वाचून दाखवते, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली.

सही करायला मी पेन टेकवणार, तोच त्यांनी टेबलावरून निळा खडू माझ्याकडे सरकवला. मी शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. जरा वाकडी आली. मग तिच्याखाली सही केली आणि चप्पल घालायला उठले.